फोन आणि एक्स्पान्शन हब, की कंट्रोल हब?

फर्स्ट टेक चॅलेंज ही शालेय रोबॉटिक्स स्पर्धा खेळणाऱ्या ज्या टीमच्या रोबॉटवर फोन (रोबॉटचा मेंदू) आणि एक्स्पान्शन हब (मोटर चालवणारा डबा) ही जोडी अजून चालू आहे, तिने दोन्ही कामं एकट्याने करणाऱ्या कंट्रोल हबवर खर्च करावा का? आमची मुलं दोन्हींवर खेळली आहेत, तेव्हा अनुभवाचं तेवढं सांगतो.

मोटर आणि सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) जोडायच्या जागा दोन्हींत सारख्याच, त्यावरून काही ठरत नाही. फोनची बाजू लंगडी नाही. त्याचा कॅमेरा आयता मिळतो, एप्रिलटॅग (मैदानावरच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा) ओळखायला वेगळा वेबकॅम लागत नाही. काही अडलं तर स्क्रीनवर लगेच वाचता येतं. कंट्रोल हबवर दिव्याच्या रंगावरून अंदाज बांधायचा. शिवाय कंट्रोल हब परदेशातून मागवायचा, तर कस्टम ड्युटीसकट बजेटचा मोठा घास जातो.

तरी आमच्यापुरता निकाल लावला तो फोनपासून एक्स्पान्शन हबपर्यंत जाणाऱ्या यूएसबी केबलने. समोरच्या रोबॉटचा धक्का बसला की ती कधी सैल होईल याचा नेम नसे. त्यात फोमच्या मॅटवर चाकं घासून रोबॉटवर स्थिर वीज साठते. तिची एक ठिणगी पडली तरी संपर्क तुटू शकतो, केबल कितीही घट्ट बांधलेली असो. अडीच मिनिटांच्या मॅचमध्ये रोबॉट मध्येच उभा. ड्रायव्हर मेनूत जाऊन रीस्टार्ट करेपर्यंत अलायन्समधली (आमच्या जोडीतली) दुसरी टीम एकटी झुंजत असते. आम्ही झिपटाय लावले, फेराइट चोक (तारेतला विद्युत गोंगाट दाबणारे) घातले, थ्रीडी प्रिंटरवर पकड बनवली. फरक पडला, खात्री मात्र कधीच वाटली नाही. आणि पिटमध्ये (मैदानाबाहेर, टीमच्या दुरुस्तीच्या जागी) आणल्यावर तोच रोबॉट अगदी सुरळीत चालायचा! मग मुलं उशिरापर्यंत बसून कोडमध्ये चूक शोधायची, आणि ती तिथे नसायचीच. मला सगळ्यात जास्त हे लागलं. नुकतंच प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलीला आपल्याच चांगल्या कोडवर संशय यावा, हे बरं नव्हे.

कंट्रोल हबमध्ये अँड्रॉइड आणि मोटर चालवणारा भाग एकाच डब्यात असल्याने ती केबलच उरत नाही. वेबकॅम यूएसबीवरच असतो, पण तो निसटला तरी चाकं फिरत राहतात. ऑटोनॉमसच्या (ड्रायव्हरविना, फक्त कोडवर चालायच्या) ३० सेकंदांत आमची वळणंही जास्त नेमकी येऊ लागली. मोजून पाहिलेलं नाही, तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. कोड हबच्या वायफायवरून चढतो, तेवढा वेळ लॅपटॉपचं इंटरनेट जातं, ही थोडी गैरसोय आहे.

जुनं सामान वाया जात नाही. एक्स्पान्शन हब आरएस-४८५ तारेने जोडला की आणखी ४ मोटर मिळतात (ती तारही नीट बांधा). ड्रायव्हर स्टेशन (ड्रायव्हरच्या हाती असलेलं, रोबॉटला आज्ञा पाठवणारं यंत्र) म्हणून जुना फोन चालवता येतो, फक्त त्या हंगामाची नियमपुस्तिका आधी पाहा.

सिस्टमकोअर हा नवा कंट्रोलर येणार आहे, म्हणून थांबावं असं काही मेंटर म्हणतात. हात फारच आखडता असेल तर तेही चुकीचं नाही. पण आज टीममध्ये असलेली बारावीची मुलं तोवर शाळेत नसतील. जमत असेल तर एक कंट्रोल हब घ्या, आणि तोही हंगामाच्या सुरुवातीलाच, म्हणजे मुलांना सरावाला पुरेसा वेळ मिळेल.