साडेसहा हजारांचा टचपॅड वाचवणारा बर्डीवरचा लॅपटॉपवाला

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण ते मलाच माहीत नाही. फलक उन्हानं इतका उडालाय की ‘कॉम्प्यु’ एवढंच वाचता येतं. नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, मोदी नंबर तीनच्या गल्लीत, मोबाइल कव्हरवाल्याच्या बाजूनं एक अरुंद जिना वर जातो, तिथं वर आहे. गुडघे दुखत असतील तर आधीच सांगते, पायऱ्या उंच आहेत आणि कठडा एकाच बाजूला आहे.

मी महालात राहते. टायपिंग आणि डीटीपी घरूनच करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं वगैरे असतातच, पण पोट भरतं ते विद्यापीठाच्या प्रबंधांवर. साडेतीनशे पानांची एक फाइल, तीत तळटिपा, तक्ते आणि गाइडनं लाल पेनानं केलेल्या दुरुस्त्या. दिवसभर वर-खाली सरकवत बसायचं आणि नेमक्या अक्षराशी कर्सर नेऊन ठेवायचा, एवढंच माझं काम. आणि एप्रिलच्या शेवटी नेमकं तेच बिघडलं. वेलांटी खोडायला जावं तर कर्सर दोन ओळी खाली. बोट हळू सरकवलं तर तो जागचा हलत नसे, मग एकदम उडी मारी. कधी कधी तर मी हातही लावलेला नसायचा आणि तो आपला थरथरत उभा.

आधी ज्या दुकानात गेले ते चकचकीत होतं, एसी होता, टोकन नंबर होता. तिथल्या पोरानं दोन मिनिटं बोट फिरवलं आणि सांगितलं, टचपॅड गेला, साडेसहा हजार लागतील. मी गडबडले. मग म्हणाला, आधी फॉरमॅट मारून पाहू, सातशे. मी हो म्हटलं. (इथं चूक माझीच. फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर होत्या म्हणून वाचले, पण जुन्या गिऱ्हाइकांच्या कामाचे मराठी फॉन्ट सगळे पुन्हा टाकावे लागले, त्यात एक अख्खा रविवार गेला.) संध्याकाळी लॅपटॉप घ्यायला गेले तर तिथं कर्सर अगदी गुणी बाळासारखा चालला. घरी येऊन लावला, पुन्हा तेच. वरून नवीनच एक दुखणं लागलं. पान सरकवलं की ते वाहत नसे, झटक्याझटक्यानं तुटत तुटत वर जाई. दहा मिनिटांत डोळे दुखायला लागायचे. परत गेले तर उत्तर आलं, ‘मॅडम, मशीन जुनी झाली, नवीन घ्या.’ चार वर्षांची मशीन!

बर्डीवरच्या या माणसाचा पत्ता आमच्या झेरॉक्सवाल्यानं दिला. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागलेला, दुपारचे साडेबारा, वर पोचेपर्यंत माझा जीव गेला होता. आत कूलर, एक टेबल, चार उघडी पडलेली मशीन आणि पन्नाशीतला माणूस. मी टचपॅड, फॉरमॅट, साडेसहा हजार अशी सगळी कहाणी सुरू केली. त्यानं ऐकून घेतली आणि मशीनला हात न लावता विचारलं, ‘ताई, चार्जिंगवर असतानाच होते का हे? पिन काढल्यावर होते?’

मला सांगताच येईना. आमच्याकडे लॅपटॉप कायम लावलेलाच असतो.

‘अन् हात ठेवल्यावर मुंग्या येतेत का? झिणझिण?’

आता मात्र मी चमकले. माझ्या सासूबाई दोन महिन्यांपासून सांगत होत्या की तुझ्या या डब्याला करंट आहे, मनगट टेकलं की झिणझिणतं. आम्ही त्यांना हसत होतो. मशीनचं अंग धातूचं आहे, गार लागत असेल, असं मीच त्यांना समजावलं होतं.

त्यानं आधी लॅपटॉप काउंटरच्या काचेवर पालथा ठेवला आणि डोळा खाली आणून पाहिलं. बॅटरी फुगली असेल तर ती खालून टचपॅडला रेटते आणि मग कर्सर असाच वेडावाकडा पळतो, म्हणून ते आधी बघायचं. फुगलेली नव्हती. मग एक साधा तारेचा माउस लावला. कर्सर लोण्यासारखा. ‘माउस पण अटकला असता तर मशीनमध्ये लोचा. माउस बरोबर चालून राहिला अन् बोटानं नाही, म्हणजे गोष्ट टचपॅडपाशी आहे. पण टचपॅड खराब आहे असं नाही म्हटलं मी.’ मग त्याच्या बोर्डावर माझाच चार्जर लावला. बोटानंही झकास चालला. मी म्हटलं, बघा, दुकानात आलं की हा असाच शहाणा होतो.

‘घरी पिन कशी लावता?’

मी पिशवीतून आमचा टू-पिन कन्व्हर्टर काढला. वाड्यातल्या जुन्या बोर्डात तीन पिनेचा प्लग बसत नाही, म्हणून हा दहा रुपयांचा पांढरा तुकडा वर्षानुवर्षं वापरतोय. त्यानं तो मधे लावून चार्जर जोडला, आणि कर्सर थरथरायला लागला. तिथंच, त्याच्या टेबलावर! मग मल्टिमीटरची एक तार लॅपटॉपच्या स्क्रूला आणि दुसरी बोर्डाच्या अर्थिंगच्या, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या तिसऱ्या भोकात. काटा नाही, आकड्यांचा होता मीटर. नव्वदच्या पुढं व्होल्ट दाखवले. मी हात मागे घेतला. तो हसला, म्हणाला करंट नावापुरता असते, माणसाले काही होत नाही, पण टचपॅडचं डोकं फिरवायले तेवढा पुरते.

त्यानं जे समजावलं ते मला पटलं ते असं. टचपॅड बोटाचा दाब मोजत नाही. त्याच्या खाली बारीक तारांची जाळी असते, आणि बोट जवळ आलं की तिथल्या विद्युतभारात जो इवलासा फरक पडतो तो ती ओळखते. चार्जर २३० व्होल्टचे वीस करतो, त्यात जी खरखर तयार होते ती जमिनीत सोडायला तिसरी पिन दिलेली असते. ती पिनच कापली तर खरखर जाणार कुठं? लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येते, तिथून आपल्या बोटात. मग जाळीला कळेनासं होतं की बोट कोणतं आणि खरखर कोणती.

आता पान अडखळण्याची गोष्ट. याला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडलं, डिस्प्ले अडॅप्टरवर टिचकी मारली, तिथं लिहिलं होतं ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’. म्हणजे फॉरमॅट मारणाऱ्यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र काढणारी चिप चालवणारा प्रोग्रॅम) टाकलाच नव्हता. ‘ब्राइटनेस कमी-जास्त होत नसंन न?’ खरंच होत नव्हता, मी तर त्याची सवयही करून घेतली होती. हा जो बेसिक ड्रायव्हर असतो तो निव्वळ चित्र दिसण्यापुरता. चित्र काढायचं काम ग्राफिक्स चिपला मिळतच नाही, सगळा भार प्रोसेसरवर. पडदा सेकंदाला ६० चित्रं मागतो, म्हणजे एकेका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात काम झालं नाही की चित्र गळतं, आणि गळलेली चित्रं म्हणजेच तो झटका. त्यानं टास्क मॅनेजर उघडून मला माझीच फाइल सरकवायला लावली. नुसत्या सरकवण्यानं प्रोसेसर सत्तर टक्क्यांवर.

मशीनच्या पोटावरचा मॉडेल नंबर बघून कंपनीच्या साइटवरून त्यानं ड्रायव्हर उतरवला. नेट रडतखडत होतं, पाऊण तास गेला. खाली जाऊन उसाचा रस पिऊन आले. परत आले तर पान वाहत होतं. साडेतीनशे पानांचा प्रबंध वरपासून संदर्भसूचीपर्यंत सरकवून पाहिला, त्या विद्यार्थिनीनंही इतक्या प्रेमानं पाहिला नसेल.

मशीनच्या आतला पंखा मात्र मीच साफ करून मागितला. उघडल्यावर जे निघालं ते धूळ म्हणवेना, नमदाच होता, कूलरसमोर बसून काम करायची कृपा. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळून खडू झालेली. बऱ्याच लॅपटॉपच्या कागदावर लिहिलेलं असतं की आजूबाजूला ३५ अंशांपर्यंतच चालवा. आमच्या वरच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ३५ अंश झाले तर आम्ही पाऊस पडला का बघायला बाहेर जाऊ. फार तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, मग ड्रायव्हर कितीही चांगला असो, सगळंच रेंगाळतं.

निघता निघता वायरलेस माउसचंही विचारून घेतलं, कारण तो घरी मधूनच अडकतो. त्याचा उलटा प्रश्न: ‘त्याचं बटण कुठं खोसता?’ बटण म्हणजे माउसचा सिग्नल पकडणारा तो यूएसबीचा इवलासा तुकडा. मी तो खोसत होते हार्ड डिस्कच्या शेजारी, निळ्या पोर्टात. तेच कारण निघालं. हे निळं पोर्ट यूएसबी ३ चं, ते चालू असताना त्यातून जी गडबड निघते ती नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि माउसचं बटणही त्याच पट्ट्यात बोलतं. घरी येऊन शोधलं तर इंटेलनं २०१२ मध्येच यावर लेख काढलेला सापडला. बटण दुसऱ्या बाजूच्या पोर्टात नेलं, तेव्हापासून गप आहे.

बिल: ड्रायव्हरचे २००, सफाई आणि पेस्टचे ५००. अर्थिंगचं निदान केलं त्याचे काही घेतले नाहीत. म्हणे, ‘त्यात मी काय केलं जी, काम तर इलेक्ट्रिशियनचं आहे.’

खोट्याही सांगते. पावती मिळत नाही, मागितली तर जुन्या कॅलेंडरच्या मागं लिहून देतो. फोन उचलत नाही. माझ्यानंतर आलेल्या मुलाला ‘परवा या’ म्हणाला, आणि झेरॉक्सवाल्याच्या अनुभवानुसार त्याचा परवा चौथ्या दिवशी उगवतो. बसायला एकच स्टूल, त्यावर बहुधा कुणाचा तरी प्रिंटर असतो. आणि गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा शोधता शोधताच उन्हानं माणूस वाळेल. मेट्रोनं सीताबर्डी इंटरचेंजला उतरा आणि चालत जा.

घरी इलेक्ट्रिशियन बोलावला. आमच्या वरच्या बोर्डापर्यंत अर्थिंगची तारच आलेली नव्हती, कधीच नव्हती. खालच्या मजल्यावर होती, पण अंगणातला अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थ धरत नाही, पाणी घालत जा, असं तो सांगून गेला. वरपर्यंत नवी तार ओढली, तीन पिनेचा बोर्ड बसवला, साडेअठराशे झाले. सासूबाई रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घातल्यावर उरलेला तांब्या त्या खड्ड्यात ओततात आणि माझ्याकडे बघतात. मी काही बोलत नाही.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीला घेऊन त्या दुकानात गेले, तेव्हा आठवण झाली की माझा टू-पिन कन्व्हर्टर तिथंच राहिलाय. मागितला. त्यानं ड्रॉवर उघडला, आत तसले पंधरा-वीस पांढरे तुकडे पडलेले. पुन्हा बंद केला.

‘राहू द्या ताई, माह्यापाशीच बरा आहे तो.’