बॉस्टनची गाइडसोबतची पायी सहल: पाचपैकी चार तारे

फ्रीडम ट्रेल म्हणजे बॉस्टनमधली अडीच मैलांची वाट. फुटपाथवरची लाल विटांची रेघ धरून कोणालाही फुकट चालता येते. तरी मी पैसे मोजून गाइडबरोबर गेलो आणि पैसे वसूल झाले. माझा सगळा जन्म लोकांची करविवरणपत्रं भरण्यात गेला, त्यामुळे अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत अठराव्या शतकात करावरून पेटलेलं बंड मला जागेवर उभं राहून समजून घ्यायचं होतं.

गाइड तरुण होती, आवाज खणखणीत. ग्रॅनरी दफनभूमीत जेम्स ओटिस या वकिलाच्या थडग्यापाशी थांबून तिने कस्टमवाल्यांना मिळणाऱ्या सरसकट झडतीच्या परवान्यांविषयी सांगितलं. १७६१ साली ओटिस त्याविरुद्ध कोर्टात उभा राहिला होता. मग तिने पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढला. ब्रिटिश पार्लमेंटच्या १७६५ च्या मुद्रांक-कराच्या कायद्याने, म्हणजे स्टँप अ‍ॅक्टने अशा एका कॅटवर १ शिलिंग आणि फाशांच्या जोडीवर १० शिलिंग कर बसवला. वर्तमानपत्रं आणि कोर्टाचे कागदही त्यात आले. म्हणजे सरकारने एकाच फटक्यात वकील आणि छापखानेवाले दुखावले, गावात ज्यांचं म्हणणं सगळ्यांपर्यंत पोचतं तीच माणसं! कर कोणावर बसतो यावर त्याची बोंब किती लांब जाते हे ठरतं, असं मला कामाच्या अनुभवावरून वाटत आलंय.

पार्लमेंटमध्ये आमचा एकही सभासद नाही, मग आमच्यावर कर कसा, ही वसाहतींची तक्रार. तिला लंडनने दिलेलं उत्तरही तिने छान समजावलं. पार्लमेंटचा प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी, मँचेस्टरचाही वेगळा सभासद नाही, मग तुमची तक्रार काय? वसाहतीतली माणसं मात्र आपापल्या विधानसभा स्वतः निवडत होती, त्यांना हे पटणं शक्यच नव्हतं.

ओल्ड साउथ मीटिंग हाउस हे जुनं सभागृह म्हणजे सहलीचा कळस. १६ डिसेंबर १७७३ ला इथे सुमारे ५,००० माणसं जमली आणि त्याच रात्री चहाच्या ३४२ पेट्या बंदराच्या पाण्यात फेकल्या गेल्या. त्या वर्षीच्या कायद्याने ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त होणार होता! पौंडामागे ३ पेन्सचा जुना कर तेवढा ठेवला होता. तो स्वस्त चहा मुकाट्याने घेतला असता तर वसाहतींना न विचारता कर बसवायचा पार्लमेंटचा हक्क कबूल केल्यासारखं झालं असतं. गाइडने हे सांगितलं तेव्हा आमच्या घोळक्यात कोणी हूं की चूं केलं नाही.

एक तारा कापला तो दोन गोष्टींसाठी. चहा चीनचा होता आणि विकणारी होती ईस्ट इंडिया कंपनी, जिच्या अमलाखाली तीन-चार वर्षांपूर्वीच बंगाल दुष्काळात होरपळला होता. गाइडने हे एका वाक्यात उरकलं. मला ते फार लागलं. दुसरं म्हणजे, मार्च १७६६ मध्ये स्टँप अ‍ॅक्ट मागे घेताना पार्लमेंटने दुसरा कायदाही केला, की वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करायचा आमचा अधिकार कायम आहे. त्याचा उल्लेखच नाही! माझ्या मते भांडण मिटलं नाही ते त्यामुळे. कर सोडला, दावा सोडला नाही.

शेवटी फॅन्युइल हॉलबाहेर घाईच झाली. १७७४ मध्ये पार्लमेंटने चहाच्या भरपाईसाठी बॉस्टनचं बंदर बंद केलं, बॉस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सची कौन्सिल राजाच्या नेमणुकीची केली, गावसभांवर बंधनं घातली. एका शहराला दिलेली ही शिक्षा बघून इतर वसाहती हादरल्या आणि सप्टेंबरात १२ वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र बसले. पुढच्या एप्रिलात बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला गोळ्या झाडल्या गेल्या आणि युद्ध सुरू झालं. एवढा भाग आधी वाचून जा.

ओल्ड स्टेट हाउसमध्ये आत जायचं तिकीट वेगळं काढावं लागतं. ते जरूर काढा. याच इमारतीच्या बाल्कनीतून १८ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला.