राजकीय वादातील झुंड आणि ब्लूस्कायची संरक्षण-साधने: एक परीक्षण

युद्ध, निवडणूक, निर्वासित, गर्भपात अशा विषयांवर जाहीरपणे मत मांडणाऱ्याला विरोध सहन करावा लागणारच आणि त्यात वावगे काही नाही. परंतु विरोध करणारे दोन-चार जण पाहता पाहता दोन-चार हजार होतात, मूळ मुद्दा बाजूला पडून त्या माणसाच्या रूपावर, नोकरीवर आणि घरच्यांवर चिखलफेक सुरू होते, तेव्हा त्याला वाद म्हणता येत नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४१ टक्के प्रौढांनी ऑनलाइन छळ सोसल्याचे सांगितले होते आणि त्यांपैकी निम्म्यांच्या मते त्यामागे त्यांची राजकीय मते हेच कारण होते. त्यामुळे कोणत्याही समाजमाध्यमाचे परीक्षण करताना मी आधी एकच गोष्ट पाहतो: झुंड अंगावर येते त्या घटकेला हे माध्यम त्या एकट्या माणसाच्या हातात नेमके काय देते? फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले ब्लूस्काय हे ट्विटरसारखे समाजमाध्यम मी याच कसोटीवर तपासले आहे. त्याची बाकीची वैशिष्ट्ये इथे विचारात घेतलेली नाहीत.

झुंड जमते ती बहुधा कोट पोस्टमधून. मोठा अनुयायीवर्ग असलेली एखादी व्यक्ती कुणाचे वाक्य उचलते, त्यावर दोन तिखट ओळी लिहिते आणि तिचे अनुयायी त्या वाक्याखालच्या दुव्यावरून थेट मूळ लेखकाच्या दारात पोहोचतात. त्यांतील बहुतेकांनी आधीची चर्चा वाचलेलीही नसते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये ७,३३१ ट्विटर वापरकर्त्यांच्या सुमारे १ कोटी २७ लाख ट्वीटचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या संतापाला अधिक लाईक आणि शेअर मिळाले, ते पुढच्या काळात अधिक संताप व्यक्त करू लागले, असे त्यात दिसून आले. म्हणजे संतापाची सवय लागते आणि ती लावण्यात माध्यमाच्या रचनेचा हात असतो. मग ती मोडण्याची जबाबदारीही रचना करणाऱ्यांवर येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्लूस्कायने ऑगस्ट २०२४ मध्ये आणलेली एक सोय मला या दृष्टीने सर्वांत मोलाची वाटते. तुमची पोस्ट कुणी कोट केली असेल, तर त्या कोट पोस्टच्या मेनूमधून तुम्ही स्वतःची पोस्ट तिच्यापासून वेगळी करू शकता. कोट करणाऱ्याचे शब्द तसेच राहतात, त्याच्या मतस्वातंत्र्याला धक्का लागत नाही. मात्र त्याखाली जिथे तुमचे वाक्य दिसत होते तिथे लेखकाने ते काढून घेतल्याची एक ओळ उरते आणि तिथून तुमच्यापर्यंत येणारी वाट बंद होते. विचार बदलला तर पोस्ट पुन्हा जोडताही येते. पोस्ट लिहितानाच कोट करण्यास मनाई करण्याची, तसेच उत्तरे फक्त आपण फॉलो करतो त्यांच्यापुरती किंवा उल्लेख केलेल्यांपुरती मर्यादित ठेवण्याची सोयही आहे आणि हा निर्णय पोस्ट प्रसिद्ध झाल्यानंतरही बदलता येतो. ही शेवटची बाब किरकोळ वाटेल, पण झुंड येणार आहे हे आधी कुणालाच कळत नसते, म्हणून ती महत्त्वाची आहे.

ब्लॉकची रचनाही कडक आहे. ब्लॉक केलेल्या व्यक्तीने तुम्हाला दिलेली उत्तरे तुमच्यापुरतीच नव्हे, तर चर्चा वाचणाऱ्या इतरांच्या नजरेसमोरूनही दूर होतात, त्यामुळे तमाशा पाहायला जमणाऱ्यांना पाहण्यासारखे फारसे उरत नाही. एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) नोव्हेंबर २०२४ मध्ये याच्या नेमके उलट केले: ब्लॉक केलेल्यालाही आता तिथे तुमच्या सार्वजनिक पोस्ट वाचता येतात. छळ करणाऱ्याला पाळत ठेवण्याची मुभा देणारा हा बदल मला समर्थनीय वाटत नाही. अर्थात ब्लूस्कायवरही कोणी कोणाला ब्लॉक केले ही माहिती सार्वजनिक असते, हे वापरण्यापूर्वी प्रत्येकाने लक्षात घ्यावे. अशा माहितीतूनही नवे भांडण उकरून काढणारे असतात.

शब्द म्यूट करण्याची, म्हणजे तो शब्द असलेल्या पोस्ट आपल्यापुरत्या लपवण्याची सोय चांगली आहे आणि तिला २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस अशी मुदत घालता येते, एवढे सांगणे पुरे.

स्वतंत्र लेबल सेवांची व्यवस्था मात्र अधिक विचार करण्याजोगी आहे. कंपनीबाहेरच्या व्यक्ती वा गट छळ करणाऱ्या खात्यांवर खुणा करतात आणि त्या खुणा मानायच्या की नाहीत हे वापरणारा ठरवतो. ट्विटरसाठी असेच संरक्षण देणारे ब्लॉक पार्टी हे उपयुक्त साधन २०२३ मध्ये ट्विटरच्या एपीआयचे (बाहेरच्या साधनांना ट्विटरशी जोडणाऱ्या व्यवस्थेचे) नवे दर आल्यावर बंद करावे लागले होते. ज्यांची सुरक्षितता त्यावर विसंबून होती त्यांना कंपनीच्या एका निर्णयामुळे वाऱ्यावर सोडले गेले. ब्लूस्कायची खुली रचना हा धोका कमी करते.

माझा खरा आक्षेप आहे तो सामूहिक ब्लॉक-याद्यांवर. एकाने यादी करायची, इतरांनी एका बटणावर ती स्वीकारायची आणि यादीतील सर्व खाती एकदम ब्लॉक व्हायची, ही सोय हल्ल्याच्या वेळी जीव वाचवणारी ठरते, हे मला मान्य आहे. परंतु यादी करणाऱ्याचा निकष काय होता, एखादे नाव शिवीगाळीमुळे आले की केवळ वेगळ्या मतामुळे, हे स्वीकारणारे क्वचितच तपासतात. एखाद्या वादग्रस्त प्रश्नावर मधली भूमिका घेणारा माणूस अशा यादीत गेला, तर सुक्याबरोबर ओलेही जळते. आपल्यावर कोणता आरोप आहे हे त्याला सांगितले जात नाही आणि उत्तर देण्याची जागाही मिळत नाही. झुंडीपासून वाचवणारे साधन अशा रीतीने दुसऱ्या झुंडीच्या हाती जाते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

उरलेल्या मर्यादाही गंभीर आहेत. स्क्रीनशॉटपुढे कोट तोडण्याची सोय हतबल ठरते. हल्ला चालू असताना प्रत्येक कोट स्वतः उघडून तोडावा लागतो, म्हणजे ज्याच्यावर घाव पडत आहेत त्यालाच प्रत्येक घाव पुन्हा वाचावा लागतो. तरीही ज्यांना राजकीय प्रश्नांवर उघडपणे लिहायचे आहे, त्यांनी मोठ्या माध्यमांआधी ब्लूस्कायचा विचार करावा, अशी माझी शिफारस आहे. कंपनीने आता एका पोस्टवरील सर्व कोट एकाच वेळी तोडण्याचे बटण द्यावे आणि ब्लॉक-यादीतील प्रत्येक नावाला कारण व मुदत जोडणे बंधनकारक करावे. म्यूट केलेल्या शब्दाला जर तीस दिवसांची मुदत मिळू शकते, तर यादीत टाकलेल्या माणसालाही ती मिळायला हवी.