केपटाऊनजवळचे दोन जुने द्राक्षमळे: दिवस एकच असेल तर कुठे जाल?

नुसती वाइन चाखायची असेल तर केपटाऊनच्या आसपास कुठल्याही मळ्यावर जा. निसर्ग सांभाळून द्राक्षशेती कशी करतात ते बघायचं असेल, तर माझ्या मते निवड दोघांतच आहे: व्हर्गेनोएग्ड लोव आणि व्हर्गेलेगन. दोन्ही तीनशे वर्षांहून जुने, आणि शहरातून गाडीनं तासाभरात गाठता येतात.

व्हर्गेनोएग्डची (१६९६) ओळख म्हणजे बदकं. इंडियन रनर जातीची, ताठ मानेची शेकडो बदकं बागेत सोडतात आणि ती गोगलगायी वेचून खातात. तेवढं औषध मातीत पडायचं वाचतं, वर खत मिळतं. घड पिकायला लागले की मात्र त्यांना बाहेर ठेवावं लागतं, कारण द्राक्षंही त्यांना आवडतात. बरोबर मुलं असतील तर फार विचार न करता इथंच जा. २०२२ साली लातूर-धाराशिवकडे गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, ते पाहिलेल्या शेतकऱ्यानंही.

व्हर्गेलेगनचं (१७००) काम मोठं आहे आणि डोळ्यांत पटकन भरत नाही. जमीन सुमारे ३,००० हेक्टर, वेली त्यातल्या थोड्याच भागात. उरलेल्या डोंगरउतारांवर पाइन, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन वॅटल (बाभळीच्या नात्यातली झाडं) माजले होते. ही झाडं तिथल्या मूळच्या फिनबॉस झुडपांपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतात. नुसती तोडून भागत नाही. वॅटलचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळे रोपं उपटायला पुन्हा पुन्हा फिरावं लागतं. मळेवाल्यांनी हे चिकाटीनं केलं, आणि मोकळ्या झालेल्या उतारांवर फिनबॉस परतलं.

घराजवळचे कापराचे वृक्षही परदेशीच. पण ते केपच्या डच वसाहतीचा गव्हर्नर विलेम आद्रियान फान देर स्टेलच्या काळातले, म्हणून राष्ट्रीय स्मारक म्हणून राखलेत. त्यांच्या सावलीत उभं राहताना हेही आठवावं, की हा मळा गुलामांच्या कष्टांवर उभा राहिला. केपला आणलेल्या गुलामांत हिंदुस्थानातली माणसंही होती.

मी व्हर्गेलेगनच निवडेन. फवारणी कमी करणं चांगलंच, पण बहुतेक जमीन वेलींखाली न आणता रानाला परत देणं मला त्याहून मोलाचं वाटतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलांचा हंगाम. तेव्हा जमवा, आणि जेवणाच्या टेबलावर दिवस न घालवता उताराकडे चालत जा.