चाळीस हजार एमएएचची पेटी : म्हापशाच्या बाजारात मी फसलो, तुम्ही फसू नका

नरकासुराचे, म्हणजे दिवाळीच्या पहाटे जाळायच्या त्या राक्षसाच्या पुतळ्यांचे, दिवस आमच्या गोव्यात जवळ आले. वाड्यावाड्यांवर पोरं मोटरी, एलईडी पट्ट्या जमवायला लागली आहेत. परवा म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गेलो तर ‘पोर्टेबल पॉवर सप्लाय’ म्हणून गेल्या वर्षी मी घेऊन फसलो तशाच बॅटरीच्या काळ्या पेट्या पुन्हा मांडलेल्या दिसल्या. म्हणून हे लिहितोय.

आम्ही डिचोलीकडचे. गेली सात-आठ वर्षं वाड्यावरच्या नरकासुराचे डोळे, जीभ, हात हलवायचं काम माझ्याकडे असतं. हाताला गाडीच्या वायपरची मोटर, डोळ्यांना एलईडी आणि सगळ्याचा ताबा एका आर्डुइनोकडे, म्हणजे प्रोग्रॅम भरून चालणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाकडे. पूर्वी लांब वायर टाकून घरातून वीज घ्यायचो. गेल्या वर्षी पोरांना नरकासुर रात्रभर गावातून फिरवायचा होता, म्हणजे बॅटरी हवीच.

बाजारात एका फूटपाथवाल्याने पेटी हातात दिली. वर मोठ्या अक्षरांत 40,000 एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), पुढे 5, 9 आणि 12 व्होल्टचे सॉकेट. हातात चांगली जड लागली. बॅटरी जड म्हणजे माल भरलेला, हा आपल्या सगळ्यांचा हिशेब आणि माझाही तोच होता. “दादा, मीटर लावून बघा,” तो म्हणाला. लावला. 12.1 व्होल्ट. 2,800 रुपये यूपीआयने दिले. बिल मागितलं तर म्हणाला, “फूटपाथवर कसलं बिल? मी दर शुक्रवारी इथेच असतो.”

मीटर दाखवत होता तो आकडा खरा होता, पण पेटीवर काही भार नव्हता, म्हणजे वीज ओढणारं काही जोडलेलं नव्हतं. रिकामा व्होल्टेज मेलेली बॅटरीसुद्धा दाखवते. मोटर ओढायला लागली की तो टिकतो का, ते बघायचं असतं. हे मला ठाऊक असूनही घरी पडवीत जेमतेम पाच मिनिटं चालवून बघितलं आणि ठेवून दिलं.

माझं सगळं मिळून साधारण 24 वॉट लागतं. 40,000 एमएएच हा आकडा आतल्या लिथियम सेलच्या 3.7 व्होल्टवरचा धरला तर 148 वॉट-अवर (किती वॉट किती तास मिळतील त्याचं माप) होतात. व्होल्टेज चढवताना जाणारी वीज वजा करूनही पाच तास मिळायला हवेत. रात्री साडेबाराला नरकासुर बाहेर काढला. एकला दहा मिनिटं असताना हात वर जाता जाता थांबला, डोळे विझले, परत लागले, परत विझले. मोटर सुरू झाली की व्होल्टेज कोसळायचा आणि आर्डुइनो पहिल्यापासून सुरू व्हायचा. मग सगळंच बंद. पोरांनी महिनाभर जागून तो उभा केला होता. पहाटे जाळेपर्यंत तो तसाच अंधारात उभा राहिला. त्या पोरांची तोंडं अजून डोळ्यांसमोर येतात.

दिवाळी झाल्यावर पेटी खोलली. तळाला गोंदाने चिकटवलेल्या दोन लोखंडी पट्ट्या. हाताला लागलेलं वजन ते होतं. वर 18650 मापाचे (18 मिमी जाड, 65 मिमी लांब) चार सेल, प्रत्येकावर 10,000 एमएएच छापलेलं. या मापाचा चांगल्यातला चांगला सेल 3,500च्या आसपास जातो, म्हणजे चार सेलच्या पेटीत चाळीस हजार मावणारच नाहीत. सेल बहिणीच्या केकच्या काट्यावर ठेवले. खरा सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो. यातले दोन 28 ग्रॅम भरले. उरलेले दोन 44 ग्रॅमचे, पण वरचं निळं वेष्टन नखाने सोलल्यावर आत दुसरं, मळकट हिरवं वेष्टन निघालं आणि टोकाला निकेल पट्टीचे फाटके तुकडे चिकटलेले. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून उपटलेले सेल ते. एकेक पूर्ण भरून, अर्धा अँपिअर ओढत 3 व्होल्टपर्यंत उतरवला आणि किती वीज देतो ते मोजलं. 1,150, 1,050, 620, 580. बेरीज 3,400 एमएएच. सेलना जपणारं प्रोटेक्शन सर्किटही आत नव्हतं, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आला. लहान मुलांच्या हातात जाणारी वस्तू आहे ही.

तो माणूस तीन शुक्रवार दिसला नाही. चौथ्याला सापडला तेव्हा म्हणाला, “तुम्ही जास्त लोड लावला.” ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, पण हाताशी ना बिल ना त्याचा पत्ता. बिल द्यायला नकार देणं हीच 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार पद्धत आहे, हे मला नंतर कळलं. आता बिल नसेल तर मी वस्तू हातातही घेत नाही.

घेताना एमएएच विचारू नका, वॉट-अवर विचारा. लिथियम बॅटरीवर आयएस 16046 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तिथल्या तिथे तपासता येतो. माझ्या पेटीवर नुसतं चिन्ह होतं, नंबर नव्हता. आणि खिशात गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब, दोन वायरी लावून, घेऊन जा. 12 व्होल्टला तो पावणेदोन अँपिअर ओढतो. दहा मिनिटं पेटवून व्होल्टेज टिकतो का ते मीटरवर बघत राहा. विकणारा नको म्हणाला तर तिथून निघा. एक मात्र, चांगली पॉवर बँकसुद्धा छोट्या सर्किटवर आपोआप बंद पडते, कारण इतका कमी करंट तिला चार्जिंग संपल्यासारखा वाटतो. त्याला फसवणूक समजू नका.

यंदा मी अलार्म-यूपीएसमध्ये असते ती 12 व्होल्ट 7 एएचची (म्हणजे 7,000 एमएएच) सीलबंद बॅटरी घेतली आहे, बिलासकट. दोन किलोच्या वर जड आहे, पण माझ्या भारावर अडीच तास चालवून बघितली. रात्रभरासाठी दुसरी तशीच घेतोय.

ज्यांनी ती काळी पेटी घेतलीच आहे, त्यांनी ती रात्री झोपताना चार्जिंगला लावू नका. गरम होत असेल, फुगली असेल, तर खोलायच्या भानगडीत न पडता घराबाहेर, पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.