दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती: एका भयपटासोबतचे सात महिने

आमच्या अकरा मिनिटांच्या विद्यार्थी भयपटाचे संकलन आणि कलर ग्रेडिंग (चित्राचे रंग व उजेड जुळवणे) गेले सात महिने ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीच्या दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरवर, तेही मोफत आवृत्तीवर, चालले होते. जवळजवळ सगळे प्रसंग रात्रीचे आणि बहुतेक शॉट हातात धरलेल्या कॅमेऱ्याचे असल्यामुळे अंधार सावरणे आणि थरथर आवरणे या दोनच कामांत माझा बहुतांश वेळ गेला.

पडद्यावर अंधार हवा म्हणून आम्ही चित्रीकरणातच प्रकाश तोकडा ठेवला होता, आणि ही चूक पहिल्याच दिवशी उघडी पडली. गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजेड, किंचित वर उचलला की सावल्यांमध्ये नॉइजचे (कमी उजेडात चित्रात उमटणाऱ्या खरखरीचे) दाणे वळवळू लागत. चित्रीकरण 8 बिटमध्ये होते. म्हणजे लाल, हिरवा, निळा यांपैकी एकेका रंगाला उजेडाच्या 256 पायऱ्या, आणि त्यांपैकी गडद भागाच्या वाट्याला मोजक्याच आलेल्या, त्यामुळे भिंतीवर विरत जाणारा कंदिलाचा उजेड पट्ट्यापट्ट्यांनी तुटलेला दिसे. नॉइज रिडक्शनची, म्हणजे हे दाणे घालवण्याची, सोय फक्त विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. अखेर दोन प्रसंग आम्ही पुन्हा चित्रित केले. या वेळी चेहऱ्यावर एका बाजूने भरपूर प्रकाश टाकला आणि अंधार मागाहून पॉवर विंडो (चित्राचा ठरावीक भागच बदलू देणारा आकार) व त्या आकाराला हलत्या चित्रासोबत सरकवणाऱ्या ट्रॅकरच्या साहाय्याने उतरवला. फरक थक्क करणारा होता: डोळ्यांखालची सावली काळीभोर, तरीही स्वच्छ. अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास बसल्यावर डोळे सरावतात आणि चित्र आहे त्यापेक्षा उजळ वाटू लागते, म्हणून वेव्हफॉर्म, म्हणजे चित्राचा खरा उजेड मोजून दाखवणारा आलेख, सतत उघडा ठेवण्याची सवय मला लागली, आणि ती फार मोलाची ठरली.

स्टॅबिलायझर, म्हणजे चित्राची थरथर कमी करणारे साधन, वापरायला सोपा आहे. पर्स्पेक्टिव्ह, सिमिलॅरिटी आणि ट्रान्स्लेशन या थरथर आवरण्याच्या तीन पद्धतींपैकी पहिलीने आमच्या बोळातल्या शॉटमध्ये दाराची चौकट पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी हलू लागली. सिमिलॅरिटी निवडून स्ट्रेंग्थ (परिणामाचा जोर) कमी केल्यावर ती ताठ उभी राहिली. एक दोष मात्र गेला नाही. उजेड पुरत नाही म्हणून आम्ही सेकंदाला 24 फ्रेम असताना शटर 1/24 वर नेले होते, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी ते 1/24 सेकंद उघडे राही, त्यामुळे प्रत्येक हिसक्याचा धूसरपणा फ्रेममध्येच उमटला होता, आणि चित्र स्थिर झाल्यावर तोच धूसरपणा पावलागणिक ठळकपणे दिसू लागला. पुन्हा चित्रित केलेल्या प्रसंगांत प्रकाश पुरेसा असल्याने शटर 1/48 च्या जवळ ठेवता आले, आणि तिथे हा त्रास झाला नाही. प्रकाशातली काटकसर कॅमेऱ्याच्या स्थैर्यालाही भोवते, हे मला संकलनाच्या टेबलावर बसेपर्यंत ठाऊक नव्हते.

चित्र स्थिर करताना कडा झाकण्यासाठी ते थोडे मोठे होते, याचाही हिशोब ठेवावा लागतो. जिन्याच्या शॉटमध्ये उजव्या कडेला अर्धवट दिसणारी आकृती, जिच्यासाठी तो प्रसंग लिहिला होता, तीच यात कापली गेली. ते माझ्या लक्षात दुसऱ्या आठवड्यात आले. मग झूम बंद करून काळ्या कडांशी झगडण्यापेक्षा मी तिथला स्टॅबिलायझर काढून टाकला आणि तो शॉट थरथरीसकट ठेवला.