अर्धवट मणीकामाचा डबा आणि फायरलाइन दोरा

मणीकाम करणाऱ्या घरात एक डबा असतोच. त्यात बोटभर विणून थांबलेला मनगटाचा पट्टा, जोडीतलं एकच झालेलं कानातलं, हूक लावायचं राहून गेलेली माळ, निम्मी ओवलेली ठुशी. घरचे म्हणतात, हौस संपली. पण डबा उपसून एकेक नग उजेडात धरला तर काम अडल्याची जागा बहुतेक वेळा तीनपैकी एक निघते : दोरा संपला तिथे, मणी संपले तिथे, नाहीतर हूक लावायच्या शेवटच्या दीड सेंटिमीटरात. फायरलाइन हा दोरा त्यातल्या किती जागी उपयोगी पडतो, ते इथे सांगितलं आहे.

आधी वस्तू काय आहे ते. फायरलाइन हा बर्कली या अमेरिकन कंपनीचा दोरा, मुळात गळाने मासे पकडणाऱ्यांसाठी केलेला. पॉलिथिलीनचे अतिशय बारीक तंतू एकत्र वितळवून तो एकजीव केलेला असतो. म्हणून त्याला पीळ नाही, तो उसवत नाही आणि जवळजवळ ताणला जात नाही. रिळावर 4, 6, 8 असे पौंड लिहिलेले असतात, म्हणजे तो किती ओझं पेलतो ते. जाडी अनुक्रमे साधारण 0.12, 0.15 आणि 0.17 मिलिमीटर. मियुकी या जपानी कंपनीच्या डेलिका नावाच्या बारीक दंडगोल काचमण्याचं छिद्र 11/0 आकारात साधारण 0.8 मिलिमीटर असतं. 6 पौंडी दोरा आणि 12 नंबरची सुई घेतली तर त्यातून चार-पाच फेऱ्या आरामात जातात. पहिलं रीळ घ्यायचं तर 6 पौंडीच घ्यावं. 15/0 च्या बारीक मण्यांना 4 पौंडी, आणि सुई 13 नंबरची.

आपल्याकडे मणी म्हटलं की बहुतेकांच्या हाती तंगूस येतो. स्वस्त, सुईशिवाय ओवता येतो, कुठेही मिळतो. पण तंगूस रिळावरचा वळसा विसरत नाही. विणलेला पट्टा हातावर बसायच्या ऐवजी फुगून उभा राहतो. दोन-तीन वर्षांत तो पिवळट आणि कडक होतो आणि एक दिवस गाठीपाशी कट्‌कन तुटतो. मणीकामाचा नायलॉनचा धागा त्याहून कितीतरी बरा, मऊ पडतो, रंगही भरपूर. त्याची खोड एकच : तो हळूहळू लांबतो. विणताना घट्ट वाटलेला पट्टा सहा महिन्यांनी सैल होतो, मण्यांच्या मधून दोरा दिसायला लागतो. ओवण्याआधी एकेक हात ओढून ताणून घेतला आणि मेणावरून फिरवला तर हे कमी होतं, जात नाही. फायरलाइनला हे दोन्ही सोपस्कार लागत नाहीत. ताण एकदा बसला की बसला.

त्याचा त्रास सुरू होतो सुईत ओवताना. टोक थुंकी लावून मऊ होत नाही. सपाट जबड्याच्या पकडीने शेवटचा अर्धा सेंटिमीटर दाबून चपटा करा, चिमटीत दोरा जेमतेम दिसेल इतका धरा आणि सुईचं नाक दोऱ्यावर आणा. दोरा सुईकडे नेऊ नका. कापायला चांगली कात्री वापरली तर तिची धार जाते. शाळेतल्या मुलांची साधी कात्री यासाठी वेगळी ठेवावी. नायलॉनचं टोक अगरबत्तीने वितळवायची सवय असेल तर इथे जपून. पॉलिथिलीन नायलॉनपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला वितळतं. टोक झर्रकन मागे आकसतं आणि शेजारच्या मण्यातला दोराही सोबत जातो. अगरबत्ती नको, मण्याला लागून कापा.

आता मुख्य काम, थांबलेला पट्टा पुन्हा सुरू करणं. आधी हिशेब करून घेऊ. पेयोट विणीत, म्हणजे दर फेरीत एकाआड एक मणी बसणाऱ्या विणीत, 10 मणी रुंद आणि 16 सेंटिमीटर लांब पट्टा घ्या. डेलिका 11/0 साधारण 1.3 मिलिमीटर लांब आणि 1.6 मिलिमीटर जाड असतो. म्हणजे पट्ट्याची रुंदी 13 मिलिमीटर, प्रत्येक उभ्या ओळीत 100 मणी, एकूण 1000 मणी. वजनात हे 5 ग्रॅम होतात. दोऱ्याची प्रत्येक फेरी 5 मणी चढवते, म्हणून 200 फेऱ्या. वळणं धरून तीन मीटरच्या आसपास दोरा मण्यांतच जातो. एका वेळी दीड मीटरपेक्षा लांब दोरा घेतला तर तो गुंततो. दोन्ही टोकांना 15 सेंटिमीटर सोडायचे, म्हणजे हाताशी उरतात 1.2 मीटर. याचा अर्थ एका पट्ट्यात किमान दोन जोड येणारच. डब्यातले बरेचसे पट्टे पहिल्या नाहीतर दुसऱ्या जोडापाशी अडलेले दिसतात ते यामुळे.

जोड असा घ्या. जुना दोरा 15 सेंटिमीटर उरला की थांबा, त्याला गाठ मारू नका, लोंबता राहू द्या. नवा दोरा आठ-दहा ओळी मागे, विणून झालेल्या भागात शिरवा. तिरप्या रेषेत दोन-तीन मणी, मग दिशा बदला, पुन्हा दोन-तीन मणी. वाटेत दोन मण्यांमधल्या दोऱ्याभोवती सुई फिरवून, फासातून काढून, एक अर्धी गाठ घ्या आणि पुढच्या मण्यात ओढून लपवा. फायरलाइन गुळगुळीत असल्याने एक गाठ सरकते, दोन हव्यातच. असं करत जुना दोरा ज्या मण्यातून बाहेर पडलाय त्याच मण्यातून, त्याच दिशेने नवा बाहेर काढा. विणायला लागा. चार-पाच ओळी झाल्यावर जुन्याचं टोक नव्या विणीत तसंच तिरपं जिरवा. दोन्ही टोकं एकाच जागी जिरवली की तिथली छिद्रं बुजतात, पुढची सुई अडते, पकडीने ओढली की मणी फुटतो. पट्ट्याच्या कडेचे मणी सर्वात आधी जातात, कारण वळण तिथेच असतं.

पण जुना भाग नायलॉनवर आणि पुढचा फायरलाइनवर, हे करू नका. दोन्हींचा ताण वेगळा. नायलॉनचा भाग मऊ, फायरलाइनचा ताठ, आणि जोडापाशी पट्ट्याला कंबर येते. काही महिन्यांनी नायलॉन आणखी सैल पडला की फरक लांबूनही दिसतो. एक तृतीयांशापेक्षा कमी विणलं असेल तर कापून मणी सोडवा आणि नव्याने सुरू करा. जीव तुटतो, पण तीनेकशे मणी पुन्हा विणायला दोन संध्याकाळी पुरतात. निम्म्याच्या पुढे गेलं असेल तर तोच नायलॉन शोधून त्यातच पूर्ण करा.

चुकीचा मणी दहा ओळींनंतर दिसला तर उसवत बसायची गरज नाही. त्या मण्याच्या छिद्रात जाडशी सुई घाला, म्हणजे काच फुटताना दोऱ्याला धार लागणार नाही. मग बारीक टोकाच्या पकडीने मणी दाबून फोडा. चष्मा घाला आणि वर रुमाल धरा, काच उडते. रिकाम्या जागी नवा मणी वेगळ्या फेरीने बसवा. साध्या दोऱ्यावर हे करताना दोरा कापला जायची धास्ती असते, फायरलाइन बहुधा तगतो. आणखी एक सवय लावा : सुई मण्यातून नेताना आधीच्या दोऱ्याला टोचू देऊ नका. टोचलेला दोरा मागे उसवता येत नाही.

तिसरी जागा हुकाची. इथे दोऱ्याइतकीच चूक मापाची असते. मनगट 16 सेंटिमीटर असेल आणि दीड सेंटिमीटर सैल हवा असेल तर बंद केलेला दागिना साडेसतरा होतो. हूक आणि कडी मिळून 2 सेंटिमीटर खातात. म्हणजे विणकाम साडेपंधरावर थांबायला हवं. पुष्कळजणी साडेसतरापर्यंत विणतात, मग हूक लावल्यावर पट्टा घसरतो आणि नग डब्यात जातो. त्यामुळे हूक आधी विकत घ्या, त्याची लांबी मोजा, मग विणायला बसा. लावताना शेवटच्या ओळीच्या मध्यावरून सुई काढा, 15/0 चे सात मणी घ्या, हुकाच्या कडीतून नेऊन परत शेजारच्या मण्यात शिरा. याच वाटेने आणखी तीन-चार वेळा फिरा. कडी जोडलेली नसून नुसती दाबून बंद केलेली असेल तर तिच्या फटीतून 0.15 मिलिमीटरचा दोरा सहज निसटतो, आणि पितळी काठ त्याला कापतो. डाग दिलेली बंद कडीच घ्या. गाठीवर झटपट चिकटणारा गोंद टाकू नका, लगतचा दोरा कडक होऊन तिथेच मोडतो.

मणी संपून थांबलेल्या कामाला कोणताही दोरा वाचवू शकत नाही. रंगाच्या त्याच नंबरची मण्यांची नवी नळी आणली तरी रंगाचा घाणा वेगळा असू शकतो. गुलाबी, जांभळ्या रंगांत हे फार दिसतं, कारण त्यातले बरेच वरून रंगवलेले असतात आणि उजेडाने उतरतात. उपाय एकच : जुने मणी पूर्ण संपवू नका. शेवटच्या पन्नास-साठ मण्यांत नवे मिसळून चार-पाच ओळी विणा, मग नव्यावर जा. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईत भुलेश्वरला वजनावर सुटे मणी घेत असाल तर एका कामाचे सगळे एकदमच घ्या, वर दहा टक्के जास्त. सुट्या देशी मण्यांत जाड-बारीक बरेच निघतात. ते ताटात पसरून निवडून बाजूला काढले की वजनातला चौथा हिस्साही कमी होऊ शकतो, तेव्हा तिथे दहा टक्केही अपुरे.

काही दागिन्यांना फायरलाइन मुळीच नको. मोती गाठवायला रेशीमच हवं. दोन मोत्यांमधली गाठ छिद्रात न शिरण्याइतकी भरायला लागते आणि माळ गळ्यावर ओघळायला लागते. फायरलाइनची गाठ छिद्रात शिरते, शिवाय माळ ताठ राहते. तन्मणी, मोत्याचे सर पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून घ्यावेत. ठुशीच्या पॉलिश केलेल्या पितळी मण्यांची छिद्रं आतून धारदार असतात. त्यावर 6 पौंडी काही महिने चालतो आणि झिजून तुटतो. तिथे 10 पौंडी, तोही दुहेरी, किंवा सरळ प्लॅस्टिकचा लेप असलेली बारीक तार. नळीसारख्या लांब काचमण्यांच्या कडा तर ब्लेडसारख्या. प्रत्येक नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल मणी घातला तरच दोरा टिकतो.

रंग दोनच लक्षात ठेवा : स्मोक म्हणजे करडा, क्रिस्टल म्हणजे दुधी पांढरा. स्मोकचा करडेपणा बोटांना आणि फिक्या मण्यांना लागतो. कोरड्या फडक्यातून दोन-तीनदा ओढून घेतला की कमी होतो. काळ्या मण्यांच्या पोतीला, निळ्या-हिरव्या गडद कामाला स्मोक उत्तम. पांढऱ्या, पारदर्शक, फिक्या मण्यांना क्रिस्टलच. किंमत नायलॉनपेक्षा पुष्कळ जास्त आहे, ही खरी अडचण. मात्र 50 यार्डांच्या रिळात सुमारे 45.7 मीटर दोरा असतो. वरच्या हिशेबाने पट्ट्याला टोकांसकट चार मीटर धरले तरी अकरा पट्टे होतात. पाचपैकी चार गुण द्यावेत असा दोरा. एक गुण किमतीचा आणि सुईत ओवण्याच्या कटकटीचा कापला.

काम पुन्हा थांबवायची वेळ आली तर सुई विणीत टोचून ठेवू नका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ती आठवड्याभरात गंजते आणि गंजाचा डाग क्रिस्टलवरून निघत नाही. दोऱ्याला शेवटी एक वेगळ्या रंगाचा मणी बांधा. सोबत चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा : मण्यांचा नंबर, दोऱ्याचे पौंड, वीण, आणि पुढची ओळ कुठल्या बाजूने सुरू होते. चांदीच्या अस्तराचे मणी असतील तर पिशवी घट्ट बंद करा, दमटपणाने अस्तर काळं पडतं.